गिरणगावाची मतपेटी

1952 च्या जानेवारीत ‘मुंबई शहर उत्तर’ या लोकसभा मतदारसंघात मतदाराच्या हाती दोन मतपत्रिका पडत होत्या. मतदारसंघ द्विसदस्य होता: एक जागा सर्वसाधारण, एक अनुसूचित जातींसाठी राखीव. मतपत्रिकेवर शिक्का मारायची पद्धत अजून आली नव्हती. पडद्याआड प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी ठेवलेली असे आणि तिच्यावर त्याचं चिन्ह चिकटवलेलं असे. काँग्रेसची बैलजोडी, समाजवाद्यांचं झाड, शेड्युल्ड कास्ट फेडरेशनचा हत्ती, कम्युनिस्टांचं विळा-कणीस. दोन मतपत्रिका दोन वेगळ्या पेट्यांत टाकायच्या. दोन्ही एकाच पेटीत टाकल्या, तर एकच मोजली जाई आणि दुसरी बाद होई. यालाच तेव्हाच्या बोलीत मत ‘कुजवणं’ म्हणत.

हत्तीच्या पेटीमागे डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. समाजवाद्यांशी त्यांचा समझोता होता, म्हणून झाडाच्या पेटीमागचे अशोक मेहता त्यांचे जोडीदार. विळा-कणसामागे होते श्रीपाद अमृत डांगे. तिघेही कामगारांचे म्हणवले जाणारे पुढारी आणि तिघांचीही मदार परळ-लालबागच्या, म्हणजे गिरणगावाच्या, चाळींवर. निकाल लागला तेव्हा राखीव जागेवर काँग्रेसचे नारायण काजरोळकर 1,38,137 मतं घेऊन निवडून आले. बाबासाहेबांना 1,23,576 मतं पडली. फरक 14,561 चा. सर्वसाधारण जागाही काँग्रेसच्या विठ्ठल बाळकृष्ण गांधींकडे गेली. डांगे तर बाबासाहेबांच्याही बरेच मागे राहिले. सत्तर हजारांहून जास्त मतं बाद झाली होती. दुसरं मत कुजवा, असा प्रचार कम्युनिस्टांनी केल्याचा उघड आरोप झाला. आंबेडकर आणि मेहता दोघांनी निवडणुकीला आव्हान दिलं, पण हाती काही लागलं नाही.

पाचच वर्षांनी, 1957 ला, याच कामगार वस्तीत डांगे आणि शेड्युल्ड कास्ट फेडरेशनचा उमेदवार एका बाजूने लढले. ‘मुंबई शहर मध्य’ या द्विसदस्य मतदारसंघाच्या दोन्ही जागा दोघांनी मिळून जिंकल्या. पेट्या तशाच, नियम तेच, चाळीही त्याच. बदललं ते एवढंच की कुणाच्या पेटीत मत टाकायचं, हे या वेळी वेगळ्या तऱ्हेने ठरलं होतं.

कामगार संघटना उमेदवाराला पाठिंबा कसा ठरवते, हा प्रश्न बहुतेकदा पक्षाच्या कार्यालयात जाऊन विचारला जातो. मुंबईच्या गिरणी कामगारांच्या बाबतीत त्याचं उत्तर शोधायला आणखी मागे आणि जरा खाली जावं लागतं: कायद्याच्या कलमांत, गिरणीच्या खात्यांत आणि चाळीच्या खोल्यांत.

कायद्याने दिलेली वाट

1920 च्या ऑक्टोबरअखेर मुंबईत अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसची, म्हणजे आयटकची, स्थापना झाली. लाला लजपतराय अध्यक्ष होते. तोवर कायदेमंडळात कामगारांचा माणूस असावा ही कल्पनाच नवी होती. पुढच्या वर्षी ना. म. जोशी मध्यवर्ती कायदेमंडळात गेले, ते सरकारने नेमून. कामगारांचा पहिला प्रतिनिधी सरकारने निवडला. त्यात ना संघटनेचं मत घेतलं गेलं, ना कामगाराचं.

1926 च्या ट्रेड युनियन कायद्याने संघटनेला राजकारणाची वाट कायदेशीरपणे उघडून दिली, पण एका अटीवर. निवडणुकीसाठी संघटनेने सर्वसाधारण निधीतला पैसा वापरायचा नाही. त्यासाठी वेगळा राजकीय निधी उभारायचा. उमेदवाराचा खर्च, सभा, पत्रकं, हे सगळं त्या निधीतून. वर्गणी द्यायची सक्ती कुणावर करायची नाही, आणि जो देणार नाही त्याला संघटनेच्या कोणत्याही फायद्यातून वगळायचं नाही. ही तरतूद इंग्लंडच्या 1913 च्या कायद्यावरून आली होती. तिथे 1909 च्या ऑस्बर्न खटल्यात न्यायालयाने संघटनांना राजकारणावर पैसा खर्च करायला मनाई केली होती, आणि मजूर पक्षाची त्यामुळे कोंडी झाली होती. ती फोडायला संसदेने वेगळ्या निधीचा मार्ग काढला. तोच आपल्याकडे आला.

कायद्यात म्हणजे एक गोष्ट गृहीत होती: संघटनेचा सभासद आणि तिच्या उमेदवाराचा मतदार हे दोन वेगळे असू शकतात. गिरणगावाने पुढे साठ वर्षं हेच वेगळेपण दाखवून दिलं.

1928 च्या सहा महिन्यांच्या संपातून गिरणी कामगार युनियन, लोकांच्या तोंडची ‘लाल बावटा’, उभी राहिली. वर्ष संपता संपता तिची सभासदसंख्या पन्नास हजारांवर गेली. तिचा कणा होत्या गिरणी समित्या. प्रत्येक गिरणीत खात्याखात्यातून निवडलेले कामगार, आणि अध्यक्षस्थानी अर्जुन आत्माराम आळवे हे स्वतः गिरणी कामगार. पुढे उमेदवाराचं नाव चाळीत पोहोचवायचं काम याच समित्यांच्या जाळ्याने केलं. 1929 च्या मार्चमध्ये मीरतच्या कम्युनिस्ट कट खटल्यात डांगे, आळवे आणि इतर पुढारी पकडले गेले, तेव्हा पहिला घाव याच कण्यावर बसला.

त्या संपात एक खदखद होती, आणि 1952 चं कोडं उलगडायला ती लक्षात घ्यावी लागते. गिरणीत साचेखात्यात, म्हणजे विणकामात, मजुरी बरी मिळे. कांडी बदलली की धाग्याचं टोक धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून काढायचं, ही तिथली रीत. एकाने तोंड लावलेला धोटा दुसऱ्याच्या तोंडी जाणार. म्हणून अस्पृश्य मानलेल्या कामगाराला त्या खात्याचं दार बंद. त्याने कमी मजुरीच्या रिंगखात्यात काम करायचं. बाबासाहेबांनी 1928 ला हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर मांडला: हे दार उघडण्याची मागणी तुमच्या यादीत घाला. मागणी स्वीकारली गेली, पण अर्ध्या मनाने. समान हक्कांची भाषा बोलणारी संघटना आपल्याच खात्यातल्या शिवाशिवीपुढे कचरते, हा अनुभव दलित कामगारांच्या मनात राहिला.

1936 ला बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला, त्यामागे हा अनुभवही होता. 1937 ची निवडणूक 1935 च्या कायद्याखाली झाली. मुंबई प्रांताच्या 175 जागांत 7 जागा मजुरांसाठी होत्या, आणि त्यांतल्या काही जागांचे मतदारच नोंदलेल्या संघटनांचे सभासद. म्हणजे संघटनेची सभासदयादी हीच मतदारयादी. अहमदाबादच्या गिरणी कामगारांच्या मजूर महाजन या संघटनेने या सोयीचा पुरेपूर उपयोग केला. गुलझारीलाल नंदा त्या वाटेने विधानसभेत गेले आणि काँग्रेस मंत्रिमंडळात कामगार खात्याचे संसदीय सचिव झाले. मुंबईत मात्र चित्र वेगळं होतं. बाबासाहेब भायखळा-परळमधून सर्वसामान्य मतदारांच्या बळावर निवडून आले. त्यांच्यासमोर काँग्रेसने उभा केलेला उमेदवार होता थोर क्रिकेटपटू पी. बाळू. तो सुमारे दोन हजार मतांनी हरला.

पुढच्या वर्षी, 7 नोव्हेंबर 1938 ला, काँग्रेस सरकारच्या औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध स्वतंत्र मजूर पक्ष आणि लाल बावटा एकत्र आले. एक दिवसाचा संप झाला, गोळीबार झाला. हे जमलं, कारण विधेयकाने दोघांच्याही मुळावर घाव घातला होता: संप करायचाच अवघड करून ठेवला होता. संकट सामाईक असलं तर एकी होते, उमेदवार निवडायची वेळ आली की ती तुटते, हा गिरणगावाचा पुढचा धडा.

मजूर मंझिल आणि दळवी बिल्डिंग

1946 च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने (कामगार त्याला बीआयआर म्हणत) हा सारा खेळ बदलला. कायदा घडवला तो अहमदाबादचेच गुलझारीलाल नंदा यांनी. तेव्हा ते मुंबई सरकारात कामगारमंत्री होते. एका उद्योगात, एका गावात, एकच ‘प्रातिनिधिक’ संघटना. मालकाशी बोलायचा हक्क तिलाच. तिने केलेला करार सगळ्यांवर बंधनकारक, सभासद असो वा नसो. आणि ती प्रातिनिधिक आहे की नाही हे ठरणार सभासदांच्या नोंदवह्यांवरून, निबंधकाच्या कचेरीत. कामगाराला गुप्त मतदानाने आपली संघटना निवडायची सोय त्या कायद्यात नव्हती.

मुंबईच्या कापडगिरण्यांत हा मान राष्ट्रीय मिल मजदूर संघाला मिळाला. हा संघ इंटकचा, म्हणजे काँग्रेसच्या छायेतला. त्याचं परळचं मुख्यालय मजूर मंझिल, पुढारी गं. द. आंबेकर. गिरणी कामगार युनियन दळवी बिल्डिंगमध्ये. समाजवाद्यांची मिल मजदूर सभा वेगळी. सभासदांच्या वह्या एकीकडे आणि गेटसभांची गर्दी दुसरीकडे, असं दृश्य गिरणगावात रोजचं झालं. 1950 ला मिल मजदूर सभेने बोनससाठी दोन महिने संप केला. कामगार मोठ्या संख्येने उतरले. पण कायद्याच्या लेखी सभा ‘प्रातिनिधिक’ नव्हती, त्यामुळे तिच्याशी कुणी करार करायचा प्रश्नच नव्हता. संप मोडला.

माझ्या मते मुंबईतल्या कामगार राजकारणाची किल्ली इथे आहे. ज्याला गिरणीच्या दाराशी संघटना निवडायला मतपेटी मिळाली नाही, त्याने विधानसभेची आणि लोकसभेची मतपेटी त्यासाठी वापरली. संघटना त्याला सांगत, अमक्याला मत द्या. तो मात्र मत टाकताना सांगे, माझी संघटना कोणती ते हे बघा.

या उजेडात 1952 पाहिलं की कुजवलेल्या मतांचं कोडं सुटतं. समाजवादी आणि कम्युनिस्ट यांच्यातलं मुख्य भांडण तेव्हा दिल्लीच्या तख्तावरून नव्हतं, ते परळच्या सभासद-पावत्यांवरून होतं. 1948 ला समाजवाद्यांनी हिंद मजदूर सभा काढून आयटकपासून वेगळी चूल मांडली होती. अशोक मेहतांना मत देणं म्हणजे मिल मजदूर सभेला बळ देणं, हा लाल बावट्याचा हिशोब. आणि बाबासाहेबांच्या अनुयायांना साचेखात्याचं बंद दार आठवत होतं, त्यामुळे तिकडूनही विळा-कणसाला मत जायचं नव्हतं. तिन्ही कामगार बाजूंनी आपापला हिशोब चोख सांभाळला. दोन्ही जागा काँग्रेसला गेल्या.

निर्णय खोलीत कसा पोहोचे

उमेदवार ठरवायची अधिकृत रीत सगळीकडे साधारण सारखी. पक्षाची समिती नाव पक्कं करी. संघटनेच्या मंडळात ठराव होई. तो बहुधा एकमताने. मग गेटसभा. पाळी सुटताना भोंगा झाला की फाटकासमोर टेबल टाकून कार्यकर्ता उभा राही. पाच-दहा मिनिटांत मजुरीचा, बोनसचा, बदली कामगारांचा विषय काढून तो शेवटी नाव सांगे. मोठ्या सभा कामगार मैदानावर किंवा नरे पार्कवर. सभेआधी कलापथक. अमर शेख, अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाने ही रीत गिरणगावाच्या अंगवळणी पाडली होती.

पण गेटवर ऐकलेलं नाव मतपेटीपर्यंत नेणारी माणसं वेगळीच असत. गिरणी कामगार बहुतांश कोकणातला किंवा घाटावरचा: रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर. बायको-मुलं गावी, इथे एका खोलीत एकाच गावचे वीसएक जण, पाळीप्रमाणे झोपायचे. खोलीवर गावकरी मंडळाचा ताबा. जेवण खाणावळवाल्या बाईकडे महिन्याच्या बोलीवर. संप लागला की पहिली उधारी तीच देई, आणि लांबला की तिचंच दिवाळं निघे. त्यामुळे संपात कोण शेवटपर्यंत टिकलं आणि कुणी पाठ दाखवली, याचा हिशोब तिच्याकडे पक्का असे. भजनी मंडळं, व्यायामशाळा, गणेशोत्सव मंडळं, गोविंदा पथकं यांनी वस्ती बांधलेली होती. गिरणीत माणूस खात्याचा असे, चाळीत तो गावाचा आणि जातीचा असे. संघटनेने दिलेलं नाव या दोन्ही चाळण्यांतून पार पडलं, तरच मत पडे.

उमेदवार स्वतः कामगार असावा, अशी सक्ती कुणीच मानली नाही. डांगे, अशोक मेहता, पुढे जॉर्ज फर्नांडिस आणि डॉ. दत्ता सामंत, सगळे बाहेरचे. 1926 च्या कायद्याने संघटनेच्या पदाधिकाऱ्यांत किमान निम्मे प्रत्यक्ष कामावरचे असावेत अशी अट घातली होती. निवडणुकीच्या तिकिटाला तशी अट नव्हती. आळव्यांसारख्या कामगार अध्यक्षाचं नाव आज फारसं कुणाला आठवत नाही, हे त्याचंच फळ.

सत्तावन्नची जोडी

21 नोव्हेंबर 1955 ला मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र मागणाऱ्या फ्लोरा फाउंटनच्या मोर्चावर गोळीबार झाला. 1956 च्या जानेवारीत मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा झाली आणि शहर पेटलं. मेलेल्यांत गिरणगावातले कामगार मोठ्या संख्येने होते. 6 फेब्रुवारीला पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. तिच्यात कम्युनिस्ट, प्रजासमाजवादी, शेतकरी कामगार पक्ष आणि शेड्युल्ड कास्ट फेडरेशन एका टेबलाभोवती बसले. 1952 ला ज्यांनी एकमेकांची मतं वाया घालवली, त्यांचीच ही बैठक होती.

समितीत उमेदवारी वाटाघाटीने ठरली: कोणती जागा कोणत्या पक्षाला, तिथे बाकीच्यांनी कुणालाही उभं करायचं नाही. संघटनांच्या मंडळांना नंतर फक्त शिक्कामोर्तब करायचं होतं. गिरणगावात त्याला विरोध झाला नाही, कारण या वेळी खोली, खातं, जात, गाव आणि संघटना सगळे एकच नाव घेत होते. द्विसदस्य मतदारसंघात हत्तीवाला मतदार दुसरी मतपत्रिका विळा-कणसात टाकत होता आणि लाल बावट्याचा कामगार हत्तीच्या पेटीत. मजूर मंझिलच्या वह्यांत सभासद कितीही असले, तरी काँग्रेसला गिरणगाव राखता आलं नाही. त्या वह्यांतली हजारो नावं पेटीपाशी पोहोचताना दुसरीकडे वळली होती, हे उघड आहे.

या विजयाचा पहिला फायदा संघटनेला झाला. दशकाच्या अखेरीस समितीतल्या डाव्यांनी एकत्र येऊन मुंबई गिरणी कामगार युनियन उभी केली. राजकारणाने कामगारांना एकत्र आणलं, संघटना त्यामागून आली. पण 1 मे 1960 ला महाराष्ट्र राज्य झालं आणि समितीला बांधणारा धागा सुटला. 1962 ला डांगे हरले. बीआयआर कायदा होता तिथेच राहिला आणि मजदूर संघही.

जॉर्ज, शिवसेना आणि परळ

1967 ला दक्षिण मुंबईत दुसरंच नाट्य घडलं. स. का. पाटील म्हणजे मुंबई काँग्रेसचे अनभिषिक्त राजे, केंद्रात रेल्वेमंत्री. त्यांच्यासमोर उभे राहिले 36 वर्षांचे जॉर्ज फर्नांडिस. गोदी कामगारांचे पुढारी पी. डिमेलो यांच्या हाताखाली तयार झालेले, महापालिकेत नगरसेवक. त्यांच्या मागे गिरण्या नव्हत्या; होत्या टॅक्सीवाल्यांच्या, पालिका कामगारांच्या, बेस्टच्या आणि हॉटेल कामगारांच्या संघटना. या मतदारसंघात कामगार एका वस्तीत राहत नव्हता, तो शहरभर पसरलेला होता. पण टॅक्सीवाला, सफाई कामगार, बस कंडक्टर रोज हजारो लोकांशी बोलतो, आणि या वेळी त्याने आपल्या संघटनेचा निरोप गिऱ्हाइकाला सांगितला. पाटील सुमारे 30 हजार मतांनी पडले. संघटनेने आपल्या सभासदाच्या मतापलीकडे, सभासदाच्या रोजच्या कामातून मतं मिळवली, याचं मुंबईतलं हे ठळक उदाहरण.

त्याच निवडणुकीत डांगेही मध्य-दक्षिण मुंबईतून पुन्हा लोकसभेत गेले. कृष्णा देसाई कम्युनिस्ट पक्षाकडून परळचे आमदार झाले. लाल बावट्याला वाटलं, पुन्हा सत्तावन्न आलं. पण 1966 च्या जूनमध्ये शिवसेना स्थापन झाली होती आणि तिने थेट त्या व्यायामशाळा, ती गणेश मंडळं आणि त्या चाळी हाती घ्यायला सुरुवात केली होती. 1967 च्या डिसेंबरात दळवी बिल्डिंगमधल्या युनियनच्या कचेरीवर हल्ला झाला. 1968 ला शिवसेनेची कामगार संघटना, भारतीय कामगार सेना, निघाली. 5 जून 1970 च्या रात्री लालबागच्या तावरीपाड्यात कृष्णा देसाईंचा खून झाला.

पोटनिवडणुकीत कम्युनिस्टांनी त्यांच्या पत्नी सरोजिनी देसाई यांना उभं केलं. इथे ठराव, समिती, गेटसभा यांची गरजच नव्हती; निर्णय दुःखाने आणि संतापाने केला होता. बरेचसे विरोधी पक्ष पाठीशी आले. समोर शिवसेनेचे वामनराव महाडिक. ऑक्टोबरमध्ये निकाल लागला: महाडिक 1,679 मतांनी विजयी. शिवसेनेचा हा पहिला आमदार, आणि तो लाल बावट्याच्या बालेकिल्ल्यात. पाळीवर लाल बावट्याची पावती फाडणारा तरुण चाळीत आल्यावर शिवसेनेच्या शाखेत बसत होता. सहानुभूती, संघटना आणि पक्ष एकीकडे असूनही चाळ दुसरीकडे गेली. गिरणी आणि चाळ यांची ताटातूट या 1,679 मतांत मोजली गेली.

1974 च्या जानेवारीत मध्य मुंबईत लोकसभेची पोटनिवडणूक आली, कारण रा. धों. भंडारे राज्यपाल होऊन गेले होते. काँग्रेसचे उमेदवार रामराव आदिक, त्यांना शिवसेनेचा पाठिंबा. कम्युनिस्टांकडून डांगे यांची कन्या रोझा देशपांडे. गिरण्यांत संप चालू होता. दलित तरुणांच्या दलित पँथर या संघटनेने या निवडणुकीवर बहिष्काराची हाक दिली. 5 जानेवारीला वरळीत पँथरच्या सभेनंतर दंगल उसळली; 10 तारखेच्या मोर्चात भागवत जाधव मारले गेले. मत कुणालाच न देणं हाही एक निर्णय असतो, हे पँथरने दाखवलं, आणि त्याचा फटका काँग्रेसला बसला. रोझा देशपांडे निवडून आल्या. साचेखात्याच्या बंद दारापासून सुरू झालेला हिशोब चाळीस-पंचेचाळीस वर्षांनीही चुकता झालेला नव्हता.

ब्याऐंशी ते एकोणनव्वद

1981 च्या दिवाळीत बोनसवरून गिरण्यांत असंतोष उफाळला. मजदूर संघाने केलेला करार कामगारांनी झिडकारला आणि स्टँडर्ड मिलच्या कामगारांसकट जथेच्या जथे घाटकोपरला डॉ. दत्ता सामंतांच्या दारी गेले. सामंत एकेकाळी काँग्रेसचेच आमदार, पण नाव मिळवलेलं ते इंजिनिअरिंग कारखान्यांतल्या पगारवाढीच्या करारांवर. 18 जानेवारी 1982 ला सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. मागण्यांत पगार आणि बोनस होते, तशीच बीआयआर कायदा रद्द करण्याची मागणीही होती. म्हणजे आमची संघटना आम्हाला निवडू द्या. सरकारने ते मानलं नाही. गिरणीमालक मजदूर संघाखेरीज कुणाशी बोलायला बांधील नव्हते. संप कधीच अधिकृतपणे मागे घेतला गेला नाही. तो विरत गेला.

सामंतांनी कामगार आघाडी हा पक्ष काढला. 1984 च्या डिसेंबरात, इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या लाटेत, मुंबईतल्या लोकसभेच्या सहापैकी पाच जागा काँग्रेसने जिंकल्या. सहावी, दक्षिण मध्य मुंबई, सामंतांनी. संप हरून, कर्ज काढून, दागिने गहाण टाकून बसलेल्या वस्तीने आपला हरलेला पुढारी लोकसभेत पाठवला. या निवडीला कुण्या मोठ्या पक्षाच्या समितीची मान्यता नव्हती, की केंद्रीय कामगार महासंघाचा आदेश नव्हता. निबंधकाच्या वहीत प्रातिनिधिक संघटना अजूनही मजदूर संघच होती. मतमोजणीत मात्र दुसरीच निघाली.

हा विजय टिकला नाही, आणि त्याचं कारणही मतपेटीतच होतं. लाखभराहून जास्त कामगार पुन्हा गिरणीत परतू शकले नाहीत. अनेक जण गावी गेले आणि त्यांच्याबरोबर मतही. जो राहिला, त्याचा मुलगा गिरणीत जाणार नव्हता. त्याची ओळख आता खात्याने ठरत नव्हती, वस्तीने ठरत होती. 1989 ला दक्षिण मध्य मुंबईतून लोकसभेवर गेले शिवसेनेचे वामनराव महाडिक, 1970 च्या परळचे तेच. 16 जानेवारी 1997 ला पवईत दत्ता सामंतांचा खून झाला.

या साठ वर्षांत पाठिंब्याचे ठराव बरेच झाले. पाठिंबा मतांत उतरला तेव्हा गिरणी, चाळ आणि जात यांचं एकमत आधीच झालेलं होतं: सत्तावन्नला राज्यासाठी, चौऱ्याऐंशीला संपासाठी. ते नव्हतं तेव्हा, बावन्नला आणि सत्तरला, पाठिंबा कागदावर राहिला. संघटनेचा पाठिंबा म्हणजे कामगारांच्या आधीच ठरलेल्या मनाला दिलेलं नाव. ते मन नसेल तर कुठल्याही मंडळाच्या एकमताला ते तयार करता येत नाही.

उरतो तो मूळ प्रश्न. 1971 ला महाराष्ट्राने कामगार संघटनांच्या मान्यतेचा नवा कायदा केला, तेव्हाही मान्यता 30 टक्के सभासदत्वाच्या तपासणीवर ठेवली, गुप्त मतदानावर नाही. गिरणी कामगाराने आपली संघटना कोणती हे सांगायला आमदार-खासदारांच्या निवडणुका वापरल्या, कारण त्याला दुसरी जागाच दिली गेली नाही. त्याची किंमत त्याने संपांत, दंगलींत आणि कुजवलेल्या मतांत मोजली. आज कंत्राटी कामगार, घरपोच माल पोचवणारे, सफाई कामगार नव्याने संघटित होत आहेत. त्यांच्या पुढाऱ्यांनी कोणत्या पक्षाला पाठिंबा द्यावा हा वाद घालण्याआधी एक मागणी लावून धरायला हवी: संघटना निवडायचा हक्क कामगाराला, कामाच्या जागी, गुप्त मतदानाने मिळाला पाहिजे. उमेदवार कोणता, हे मग तो स्वतः ठरवील.